टेकवाडीला मान्यता

त्र्यंबकमामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून आई होती तोवर मी गप्प बसले. आता आईही नाही, माझेही गुडघे बोलायला लागलेत, आणि माझ्यानंतर हे सांगणारं कोणी उरणार नाही. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, सावरखेड्याचा पाटील. ज्या दिवशी त्याने माझ्या वडिलांच्या डोक्यावरची टोपी भर मांडवात काढून घेतली, त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरला होता. सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तो बहुतेक नीट घेतलेला नसतो.

नाशिक जिल्ह्यात देवळ्याच्या अंगाला आमची टेकवाडी. टेकडीच्या उतारावर विखुरलेली घरं, मध्ये रस्त्याला लागून मारुती, आणि खाली नाला. नाल्यापलीकडे सावरखेडे. कागदोपत्री आम्ही सावरखेड्याची वस्ती. शाळा तिकडे, ग्रामपंचायत तिकडे, पिठाची गिरणी तिकडे. गिरणीचं इंजिन सकाळी सुरू झालं की त्याचा पुक-पुक आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा आणि आई म्हणायची, "गाव उठलं." गाव म्हणजे ते, आम्ही नुसते उठायचो. आईचं माहेर आणि सासर असं हाकेच्या अंतरावर. ओट्याच्या कडेला उभी राहून ती "दादा" अशी हाक मारायची आणि पलीकडून मामाची "ओऽ" यायची. मग कधी इकडून लसणाची चटणी जायची, कधी तिकडून ताकाची बरणी यायची. घरात सकाळभर बाजरीच्या भाकरी थापल्याचा आवाज आणि अंगणात वाळत पडलेल्या कांद्याचा वास. तो वास केसांत इतका मुरलेला असायचा की पुढे नाशिकला कॉलेजात नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंनी मला कोणतं तेल लावता म्हणून विचारलं होतं.

तर ती टोपी. आमच्या भागात लग्नात एक रीत असते. नवरा-नवरी मांडवात यायच्या आधी लाऊडस्पीकरवरून एकेका गावाचं नाव पुकारतात. देवळेकर मंडळी, कळवणकर मंडळी, असं. त्या त्या गावातला एक वडीलधारा माणूस उठतो, त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. टोपी माणसाच्या डोक्यावर बसते, पण मान गावाचा. टेकवाडीचं नाव कधी पुकारलं जायचं नाही, आणि ते कोणाला खटकायचंही नाही. त्या वर्षी कळवणकडच्या एका लग्नात स्पीकरवर बसलेला माणूस नवखा होता. आमच्या लोकांनी आहेर करताना टेकवाडीचं नाव सांगितलं असणार. त्याने ते जसंच्या तसं पुकारलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी गोंधळले. मग उठले. आपली जुनी टोपी काढून त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिली, नवी डोक्यावर घालून घेतली आणि जरा हसले. अण्णा फार हसणारे नव्हते, म्हणून ते हसू मला अजून आठवतं.

पुढच्या ओळीतून मामा उठला. सावकाश चालत आला. त्याने अण्णांच्या डोक्यावरची टोपी उचलली, खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माइकसमोर वाकून म्हणाला, "मंडळी, चूक दुरुस्त करा. टेकवाडी आमच्याच गावची वस्ती. मान एकच, तो सावरखेड्याला मिळालेला हाय." मांडवात हशा झाला. मोठा नाही, पण झाला. अण्णा मामाचे मेहुणे, बहिणीचा नवरा. पाटलाच्या घरात दाजींच्या आधी कोणी पाण्याला हात लावायचं नाही, अशी आमच्याकडची पद्धत. तो माणूस शेकडो लोकांत उघड्या डोक्याने उभा होता. जुनी टोपी ज्याच्याकडे दिली होती तो शेजारी गर्दीत कुठे गेला कळेना, तेव्हा अण्णा तसेच उन्हातून घरी आले. पायातल्या वहाणा न काढता ओट्यावर बसले. आईने पाणी दिलं, ते घेतलं नाही. मी सतरा वर्षांची होते, आणि मामाचं वाईट व्हावं असं मला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं. आई आत चुलीशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "त्यो माझा भाऊ हाय. पन माझ्या मालकाचं डोकं उघडं करायचा हक्क त्याला कोनी दिला?"

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. राज्यशास्त्र घेतलं होतं, कारण त्याचा तास एसटीच्या वेळेला सोयीचा पडायचा. आमचे सर फळ्यावर राज्याचे चार घटक लिहायचे: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. वर्गातल्या बाकीच्यांना ते परीक्षेपुरतं होतं. मला त्यात आमची टेकवाडी दिसायला लागली. घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. ते खुरपं घासत होते.

"लोकं हायेत," अण्णा म्हणाले. "जमीन हाय. पंच आपले आपन बसवू. त्ये चौथं काय म्हनलीस?"

"सार्वभौमत्व. म्हणजे आपल्यावर दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नाही."

"चालला व्हता आजपोहोतर. आता नाय." खुरपं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मग झालं की गाव. आता कमी काय?"

"मान्यता. दुसऱ्या राज्यांनी आपल्याला राज्य म्हटलं पाहिजे. नाहीतर आपण घरात बसून कितीही म्हटलं तरी उपयोग नाही."

अण्णांनी खुरपं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे पाहुन्यांनी." पुढे तीस वर्षं मी मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवले, जाडजूड पुस्तकांतल्या मान्यतेच्या व्याख्या पाठ करून घेतल्या, पण आमच्या घरात हे प्रकरण त्या एका शब्दात आटोपलं होतं.

मग टेकवाडीला गाव होण्याचं वेडच लागलं. कालपर्यंत जे लोक एसटीत "कुठलं?" विचारल्यावर सावरखेडे सांगायचे, ते आता टेकवाडी सांगून कंडक्टरशी भांडायला लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांब रोवून आम्ही वेस उभी केली. बायकांना अचानक आठवलं की टेकवाडीच्या बट्ट्या सावरखेड्याच्या बट्ट्यांपेक्षा खुसखुशीत असतात, त्यांच्या वरणाला चव नसते आणि त्यांच्या मुली आळशी असतात. एका म्हाताऱ्याने तर आपले पूर्वज सावरखेडे वसायच्या आधीपासून टेकडीवर होते असं सांगायला सुरुवात केली. दर आठवड्याला तो आणखी एक पिढी मागे जायचा. आधी राष्ट्र तयार होतं आणि मग त्याला शत्रू मिळतो, असं माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहायचे आणि मी त्यांना गुण द्यायचे. आमच्याकडे मात्र शत्रू आधी होता. बाकीचं आम्ही जमेल तसं गोळा केलं.

मान्यतेसाठी अण्णांनी मार्ग काढला तो भंडाऱ्याचा. आमच्याकडे गाव गावाला आमंत्रणाची सुपारी देतं. ज्या गावचे लोक तुमच्या देवाच्या भंडाऱ्याला येऊन पंगतीला बसले, त्यांनी तुम्हाला गाव मानलं. मग त्यांच्या लग्नात तुमचं नाव पुकारावंच लागतं. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी टेकवाडीच्या मारुतीचा भंडारा ठरला. माणसं चारी दिशांना सुपाऱ्या घेऊन गेली. सावरखेड्याला जायला मात्र कोणी पुढे होईना. आई म्हणाली, "मी जाते. काय झालं तरी भाऊ हाय."

ती हळदीकुंकू लावलेली सुपारी आणि अक्षता घेऊन नाला उतरून गेली आणि फार लवकर परत आली. हातातली सुपारी तशीच होती. मामा ओसरीवर बसला होता, त्याने उठून ये-बस म्हटलं नाही. म्हणाला, "सुभे, बहीन म्हनून आली असशील तर आत जा, वहिनी चहा टाकील. टेकवाडीची म्हनून आली असशील तर दारातूनच माघारी फिर. आन पुन्हा नाला वलांडू नको." आईने आम्हाला हे सांगितलं ते भाजी निवडत, मान खाली घालून. मी विचारलं, "मग तू काय केलंस?" ती म्हणाली, "चहा नाय घेतला." एवढंच. त्यानंतर तिने ओट्याच्या कडेला उभं राहून हाक मारणं बंद केलं. गिरणीचा आवाज यायचा, पण "गाव उठलं" असं ती पुन्हा म्हणाली नाही. आईला तिच्या माहेराबाहेर काढलं, ही दुसरी नोंद मी मामाच्या नावावर मनात करून ठेवली.

मामा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने आसपासच्या गावांत निरोप फिरवला: जो टेकवाडीच्या पंगतीला बसेल, त्याच्याशी सावरखेड्याचा व्यवहार बंद. लासलगावच्या मार्केटात मामाच्या शब्दाला वजन होतं. त्याने सांगितलं तर व्यापारी एखाद्याचा कांदा लिलावात बघितल्यासारखा करून पुढे जायचे. आमची सुपारी परत कोणी पाठवली नाही, आणि येतो असंही कोणी म्हणालं नाही. मोठी राष्ट्रंही अगदी असंच वागतात, आमच्याशी संबंध ठेवायचे तर त्यांच्याशी तोडा म्हणतात, आणि छोटी बिचारी खाली बघत पाय घासतात. हा भाग शिकवताना माझा आवाज चढायचा. मुलांना वाटायचं, बाईंना विषयाची फार गोडी आहे.

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. मारुतीच्या मागे गोवऱ्यांच्या आरावर कणकेच्या बट्ट्या भाजत होत्या, तीन मोठ्या हंड्यांत वरण उकळत होतं, वांग्याच्या भाजीचा तिखट वास टेकडीभर पसरला होता. प्रत्येक घराने आपल्या घरचं तूप आणलं होतं. अण्णा स्वच्छ धोतर नेसून माइकपाशी बसले होते. भोंग्यावर एकामागून एक भजनं लागत होती. दुपार झाली. पत्रावळी मांडलेल्या, द्रोणांत वाऱ्याने धूळ येऊन बसलेली, आणि पंगतीला माणूस नाही. आमचे लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते. अण्णा मध्येच उठून रस्त्यापर्यंत जायचे, डोळ्यांवर हात धरून बघायचे आणि परत यायचे. भंडारा वाया गेला असता तर टेकवाडी पुन्हा वस्ती झाली असती, आणि अण्णा जन्मभर त्या मांडवात उघड्या डोक्याने उभे राहिले असते. हे मला अगदी स्वच्छ कळत होतं.

तेवढ्यात सप्तशृंगीच्या गडावरून परतणारे चार-पाच जण रस्त्याने आले. त्यांतला एक म्हातारा वेशीपाशी थांबला. मला म्हणाला, "बेटा, हाई कोनतं गाव शे?"

"टेकवाडी," मी म्हटलं. "तुमचं, बाबा?"

"आमनं गाव मालेगावकडे शे. देवना भंडारा शे का?" आणि उत्तराची वाट न बघता तो पत्रावळीसमोर मांडी घालून बसला. बाकीचेही बसले. त्यांना सावरखेडे माहीत नव्हतं, मामा माहीत नव्हता. त्यांनी गाव विचारलं, गाव सांगितलं आणि जेवायला लागले. मी बट्टी कुस्करून वाढत असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुपारी घेऊन कोणाच्या दारात जायची गरजच नव्हती. सगळं जग आमच्या दारावरून जात होतं.

लासलगावला कांदा टाकून परतणारे ट्रॅक्टर त्या वेळेला आमच्याच रस्त्याने यायचे. कळवणचे, देवळ्याचे, सावरखेड्याचे, सगळे. मी अण्णांना म्हटलं, पंगत रस्त्यावर घ्या.

"रस्त्यावर? येड लागलं का तुला?"

"रस्ता आपल्या हद्दीत आहे, अण्णा. आणि जेवणाऱ्याच्या पत्रावळीवरून गाडी कोणी नेत नाही."

अण्णा जागचे हलले नाहीत. आई मात्र उठली, पदर खोचला आणि वरणाच्या हंड्याला एका बाजूने हात घातला. "धरा," ती म्हणाली. मग दुसऱ्या बाजूने अण्णांनीच धरला.

पहिला ट्रॅक्टर कळवणचा आला. ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता. मारुतीचा प्रसाद म्हटल्यावर उडी मारूनच उतरला. मी टोपली घेऊन समोर गेले. "पाहुणे, गाव कोणतं?" त्याने सांगितलं, मी बट्टी वाढली, आणि अण्णांनी भोंग्यावरून पुकारलं, "टेकवाडी गावच्या भंडाऱ्याला कळवणकर मंडळी आली, त्येंचं स्वागत हाय." मग देवळेकर आले. चांदवडकर आले. कांद्याच्या गोण्या शिवणारे, ट्रकवरचे क्लीनर, गुजरातला चाललेला एक ड्रायव्हर, ज्याच्या गावाचं नाव अण्णांना उच्चारता येईना पण त्यांनी ते पुकारलंच. आमची माणसं वाढता वाढता उड्या मारत होती. सरकारचा कागद यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पण त्या दुपारीच निम्म्या जिल्ह्याने टेकवाडीचं अन्न खाल्लं होतं, तेही स्वतःच्या गावाचं नाव सांगून.

उतरले नाहीत ते फक्त सावरखेड्याचे. पंगतीच्या टोकाला त्यांचे ट्रॅक्टर ओळीने थांबले होते. पोरं स्टिअरिंगवर हनुवटी टेकून जेवणाऱ्यांकडे बघत होती, पण मामाच्या धाकाने खाली पाय टाकत नव्हती. आणि मग त्यांच्या मागून मामाची जीप आली.

तो हॉर्न वाजवत राहिला. कोणी हललं नाही. तेव्हा खाली उतरून तो चालत पुढे आला, थेट अण्णांसमोर. "पंगत उठवा. रस्ता मोकळा करा."

अण्णांच्या हातात माइक चालू होता, त्यामुळे त्यांचं बोलणं टेकडीवर, नाल्यावर, सावरखेड्यावर सगळीकडे ऐकू गेलं. "जेवत्या मानसाला उठवायची आमच्या गावात रीत नाय, पाटील." आजवर ते मामाला दादा म्हणत आले होते.

मामा काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या जीपमधून लासलगावचा एक व्यापारी उतरला. गुबगुबीत, घामाघूम, आणि या सगळ्या भानगडीतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मामाने त्याला घरी जेवायला आणलं होतं. "अहो पाटील, मारुतीचा प्रसाद कोण सोडतं?" म्हणत तो खाली बसला. मी गाव विचारलं, त्याने सांगितलं, भोंगा वाजला: "लासलगावकर शेठ आले." शेठने शेजारची पत्रावळ थोपटली. "बसा, बसा पाटील. मला एकट्याला बरं दिसत नाही."

आता आणलेल्या पाहुण्याला रस्त्यावर सोडून जावं, की देवाचा प्रसाद लाथाडावा, की बसावं? ट्रॅक्टरवरची सगळी पोरं मामाकडे बघत होती. मामा लहानपणापासून मारुतीचा भक्त, तालमीतला गडी; शनिवारी चूळसुद्धा देवाचं नाव घेऊन भरायचा. तो बसला.

मी टोपली घेऊन त्याच्यासमोर वाकले. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी मिळाल्या, नोकरी, संसार, नातवंडं, पण ते वाकणं मी कशाशीही बदललं नसतं.

"पाहुणे, गाव कोणतं?"

"कुसे, थोबाड फोडीन," मामा दातांतल्या दातांत म्हणाला.

मी बट्टी हातातच धरून ठेवली. शेठने खाता खाता मान वर केली. अण्णा माइक तोंडापाशी धरून वाट बघत होते आणि भोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागून आई तुपाची तपेली घेऊन आली. मामाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. "सुभे, सांग हिला," तो म्हणाला.

आमच्याकडे बाई भावासमोर डोक्यावरून पदर घेत नाही. माहेरच्या माणसांत कसला आडपडदा? आईने तपेली डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने पदर डोक्यावर ओढला, परक्या पुरुषासमोर घेतात तसा, अगदी कपाळापर्यंत. जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं त्या भावाला ती म्हणाली, "सांगा की. पोर इचारतीय तुमाला."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग पत्रावळीकडे बघून म्हणाला, "सावरखेडे."

अण्णांनी ते पुकारलं. आवाज न चढवता, बाकीच्या गावांसारखंच. टेकवाडी गावच्या भंडाऱ्याला सावरखेडेकर मंडळी आली. तिकडे ट्रॅक्टर एकेक करून बंद व्हायला लागले, पोरं खाली उतरली आणि पंगतीत जागा शोधायला लागली. मी मामाच्या पत्रावळीत बट्टी कुस्करली. आईने तिच्यावर तुपाची धार धरली, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"लांबून आलात," ती म्हणाली. "सावकाश जेवा."

मामा जेवला. तो उठेपर्यंत मी त्याच्यासमोरून हलले नाही.